शिराझ : एका तांबड्या द्राक्षमद्याची घडण

धारूरच्या डोंगरांतील सीताफळ ज्यानें एकदां खाल्लें आहे, त्यास एकाच जातीच्या झाडाचें फळ जागोजागीं निराळें कां लागतें हा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. बालाघाटाच्या मुरमाड उतारांवर, कोणीं पाणी न घालतां, तीं झाडें आपोआप वाढतात; पण दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास त्यांच्या फळांस जी गोडी व जो दाट गर येतो, तो काळ्या भारी जमिनींत हौसेनें लावलेल्या झाडांस येत नाहीं, असें तिकडील जाणते लोक सांगतात. २०१६ सालीं बीड जिल्ह्याच्या सीताफळास भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे माती व फळ ह्यांचा हा संबंध कायद्यानेंही मान्य झाला. असाच निर्देशांक महाराष्ट्रांत आणखी एका पदार्थास मिळालेला आहे, आणि तो म्हणजे नाशिकच्या खोऱ्यांतील वाइन. त्या वाइनींपैकीं शिराझ नांवाचा जो तांबडा प्रकार आहे, तो कसा तयार होतो व त्याच्या चवींत काय असतें, ह्याचा विचार येथें करावयाचा आहे.

मद्य हा शब्द उच्चारतांच इकडील बहुतेक घरांत एकच चित्र उभें राहतें, आणि तें प्रसन्न नसतें. त्यास कारणही आहे. धारूर तालुक्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या आगेंमागें कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांकडे जातात. त्या उसाची साखर निघाल्यावर जी मळी उरते तीपासून मद्यार्क गाळतात, आणि अशाच मद्यार्कापासून केलेली दारू पुन्हां त्या मजुरांच्या वस्तीवर विकावयास येते. ज्यानें हें पाहिलें आहे तो ‘द्राक्षाची उंची वाइन’ ऐकून कपाळास आठी घालील, तर त्यास दोष देतां येत नाहीं. तथापि पदार्थ म्हणून दोहोंत मोठा भेद आहे, आणि तो गाळण्याचा आहे. आंबलेल्या द्रवाची वाफ करून ती थंड करून घेतली कीं दारू होते. तींत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा चाळिसांच्या वर जातें. वाइन गाळीत नाहींत. द्राक्षाचा रस आंबला कीं वाइन झाली, आणि तींत मद्यार्क शेंकडा तेरा-चौदाच्या पुढें सहसा जात नाहीं. म्हणून ती निरुपद्रवी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मद्यार्क तोच, फरक प्रमाणाचा.

रस आंबविण्याची ही विद्या परकी नव्हे. वैद्यांच्या कपाटांतील द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट हीं दोन्ही ह्याच कुळांतील होत. द्रव्यांचा काढा करून आंबविला तर अरिष्ट, न उकळतां आंबविलें तर आसव, असा त्यांतील भेद. त्यांत धायटीचीं फुलें घालावयाची चाल जुनी आहे. तीं घातलीं म्हणजे आंबण्याची क्रिया नीट सुरू होते, हें वैद्यांना अनुभवानें ठाऊक होतें. फुलांबरोबर किण्वाचे, म्हणजे यीस्टचे, सूक्ष्म जीव रसांत जातात व तेच साखरेचें मद्यार्कांत रूपांतर करितात, हा उलगडा मात्र फार पुढें झाला. लुई पाश्चरनें १८५७ पासून ह्या विषयावर प्रयोग चालविले आणि १८६६ सालीं वाइनीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तोंपर्यंत आंबणें ही केवळ रासायनिक घटना आहे, असें मोठमोठे शास्त्रज्ञही मानीत असत.

आतां शिराझ ह्या नांवाविषयीं. शिराझ हें इराणांतील प्रसिद्ध शहर. सादी आणि हाफीज ह्या कवींच्या कबरी तेथें आहेत, आणि जुन्या काळीं तेथील मद्याचीही ख्याति होती. त्यामुळें हा वेल कोणा धर्मयोद्ध्यानें इराणांतून फ्रान्समध्यें नेला अशी कथा पसरली, आणि ती अद्याप पुष्कळ ठिकाणीं छापली जाते. कथा गोड आहे; खरी नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील माँपेलिए व कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनीं डीएनएची परीक्षा करून ह्या वेलाचे आईबाप हुडकून काढले. एक मोंदूझ ब्लांश नांवाचा पांढऱ्या द्राक्षाचा वेल, दुसरा द्यूरेझा नांवाचा काळ्या द्राक्षाचा. दोघेही आग्नेय फ्रान्सचे. त्यांच्या संकरांतून हा तिसरा निपजला. फ्रान्समध्यें त्यास सिरा म्हणतात, आणि ऱ्होन नदीच्या कांठची एर्मिताज ही टेकडी त्याचें जुनें घर मानली जाते. १८३१ सालीं जेम्स बझ्बी ह्या गृहस्थानें स्पेन व फ्रान्समध्यें हिंडून शेंकडों जातींच्या काड्या गोळा केल्या आणि त्या ऑस्ट्रेलियास नेल्या. ह्या वेलाचा तिकडे मोठा विस्तार झाला तो तेव्हांपासून, आणि शिराझ हें नांव जगभर रूढ झालें तें ऑस्ट्रेलियामुळें. महाराष्ट्रांतील बागाईतदारांनीं वेल फ्रेंच घेतला व नांव ऑस्ट्रेलियन ठेविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

दख्खनेंत द्राक्ष मात्र नवें नाहीं. चौदाव्या शतकांत दौलताबादेस येऊन गेलेल्या इब्न बतूतानें तेथील द्राक्षांचा व डाळिंबांचा उल्लेख केला असून, त्यांस वर्षांतून दोनदां फळ येतें असें नमूद केलें आहे. ही गोष्ट प्रवाशाची अतिशयोक्ति नव्हे. युरोपांत हिंवाळा आला कीं वेलाचीं पानें गळतात व तो तीन-चार महिने झोपी जातो. इकडे तेवढी थंडी पडतच नाहीं; वेल बारा महिने जागा. त्यास मोकळा सोडला तर तो वाटेल तेव्हां फुटेल व वाटेल तेव्हां फळेल. म्हणून येथील शेतकरी त्यास कात्रीनें शिस्त लावितो. एप्रिलच्या सुमारास एक छाटणी करितात, ती खरड छाटणी. तिच्यानंतर ज्या नव्या काड्या निघतात, त्यांच्या डोळ्यांत पुढच्या घडांची बीजरूपानें मांडणी होते. पावसाळा सरतां सरतां, सप्टेंबर-ऑक्टोबरांत, दुसरी छाटणी. हिला फळछाटणी किंवा गोडी छाटणी म्हणतात. घड येतात ते हिच्यानंतर. पावसाळ्यांत फळ धरलें तर केवडा आणि भुरी हे रोग बागेचा फडशा पाडतात. छाटणीच्या ह्या वेळापत्रकामुळें फळ हिंवाळ्यांत वाढतें व कोरड्या हवेंत पिकतें. युरोपांत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत होते. नाशिककडे शिराझची तोडणी फेब्रुवारी-मार्चांत. नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर आहे, आणि जानेवारींतील तेथील रात्री चांगल्या थंड असतात. दिवसा ऊन आणि रात्रीं गारवा असला म्हणजे द्राक्षांत साखर भरते, तरीही आम्ल अगदींच नाहींसें होत नाहीं. आम्ल गेलें कीं वाइन बेचव व मंद लागते.

आणखी एक गंमत बागेंत पाहावयास सांपडते. शिराझचा वेल सहसा स्वतःच्या मुळांवर उभा नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलॉक्सेरा नांवाच्या, मुळें खाणाऱ्या, बारीक कीटकानें युरोपांतील द्राक्षबागा उजाड केल्या. तेव्हां त्या कीटकास दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलाच्या खुंटावर युरोपीय वेलाचें कलम बांधण्याची युक्ति निघाली. महाराष्ट्रांत डॉगरिज हा अमेरिकन खुंट फार लोकप्रिय झाला, पण निराळ्या कारणानें: तो पाण्याचा ताण व खारट जमीन सोसतो.

शिराझचें द्राक्ष हातगाडीवर ठेविलें तर तें कोणी घेणार नाहीं. दाणा लहान, साल जाड, आंत बिया. खाण्याच्या द्राक्षांत लोक जें टाळतात तेंच येथें हवें असतें. कारण काळ्या द्राक्षाचा दाणा चिरडून पाहिला तर आंतील रस जवळजवळ रंगहीन असतो. तांबडा रंग, तुरटपणा, आणि वासाचा मोठा भाग सालींत व बियांत साठलेला असतो. दाणा जितका लहान, तितकें रसाच्या मानानें सालीचें प्रमाण अधिक. तांबड्या वाइनीची सारी कृति म्हणजे सालींतील हा ऐवज रसांत उतरविणें होय.

तोडणी पहांटेच्या गारव्यांत करितात, उन्हानें घड तापूं नयेत म्हणून. सडके-सुकलेले दाणे वेंचून टाकल्यावर यंत्रानें देंठ निराळे होतात व दाणे हलके फोडले जातात. रस, साली, बिया असा हा सर्व लगदा पोलादी टांक्यांत जातो. गंधकाचा थोडा वायु त्यांत मिसळतात. त्यामुळें नको असलेले जंतु दबतात व रस काळवंडत नाहीं. मग किण्व सोडतात. पिकलेल्या शिराझच्या लिटरभर रसांत सुमारें २३० ग्रॅम साखर असते, आणि साधारण १७ ग्रॅम साखरेमागें शेंकडा एक ह्या मानानें मद्यार्क होतो. म्हणजे सर्व साखर आंबली कीं प्रमाण साडेतेराच्या घरांत येतें. बाटलीवर लिहिलेल्या आंकड्याचें गणित तें एवढेंच.

आंबूं लागलें कीं टांकी तापते. उष्णता २५ ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवावी लागते; त्याहून फार वाढली तर किण्व मरतें व वास उडून जातात. म्हणून टांक्यांच्या भोंवतीं थंड द्रव खेळविण्याची सोय असते. रसांतून कर्बद्विप्राणिल वायु सारखा उसळत असतो आणि तो सालींना वर ढकलतो. वर जाड थर सांचतो व खालीं रस, अशी स्थिति झाली तर रंग उतरावा कोठून? ह्यास्तव दिवसांतून दोन-तीनदां खालचा रस पंपानें वर घेऊन त्या थरावर शिंपडतात, किंवा थर दांड्यानें खालीं दाबतात. हें आठ-दहा दिवस, कधीं त्याहून अधिक चालतें. ह्या दिवसांत रसाचा रंग प्रथम गुलाबी, मग लाल, आणि शेवटीं शाईसारखा गडद होतो.

हा वायु जपून राहण्यासारखा आहे. मराठवाड्यांतील जुन्या वाड्यांतून धान्य सांठविण्याचीं पेवें असत. बंद पेव उघडतांच आंत उतरूं नये, आधीं दिवा सोडून पाहावा, असा दंडक होता. दिवा विझला तर माणूसही विझेल, हें घरांतील पोरासोरांसही ठाऊक असे. पेवांत कोंडलेल्या धान्याचा व टांकींत उसळणाऱ्या रसाचा वायु एकच. तो हवेपेक्षां जड असल्यामुळें खालीं सांचतो. टांक्या धुवावयास उतरणाऱ्या कामगारांचे प्राण ह्यामुळें देशोदेशीं गेलेले आहेत, आणि वाइन चाखणाऱ्यांच्या मंडळींत ही गोष्ट क्वचितच निघते.

साखर संपली कीं रस काढून घेतात व उरलेल्या साली पिळतात. त्यानंतर दुसरी एक क्रिया होते, ती किण्वाची नव्हे, जंतूंची. हिरव्या सफरचंदांत जें बोचरें मॅलिक आम्ल असतें, तें द्राक्षांतही असतें. हे जंतु त्याचें लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्यांतील आम्ल, करितात. आंबटपणाचा टोंकदारपणा जाऊन वाइन जिभेस मऊ लागूं लागते. मग कांहीं वाइन तशीच बाटल्यांत भरतात, कांहीं ओक लांकडाच्या पिंपांत कित्येक महिने मुरवितात. पिंपाचा रूढ आकार २२५ लिटरांचा. लांकडाच्या छिद्रांतून हवा अगदीं किंचित् आंत येते व तुरटपणा निवळतो. शिवाय आंतून जाळ देऊन शेकलेल्या त्या लांकडांतून व्हॅनिला, लवंग, धूर असे वास वाइनींत उतरतात. नाशिक जिल्ह्यांतील दिंडोरीच्या नांवानें सुला ही कंपनी जी शिराझ काढते, ती अशीच पिंपांत मुरविलेली असते. पिंपें परदेशांतून आणावीं लागतात, त्यामुळें किंमत वाढते. लांकडाचा वास मर्यादेंत असला तर शोभतो. नवशिक्या कारखान्याच्या बाटलींतून कधीं कधीं द्राक्षापेक्षां सुतारशाळाच अधिक जाणवते.

आतां चव. पेल्यांत ओतलेली शिराझ गडद जांभळट असते. जुनी झाली कीं कडेला विटकरी छटा येते. चांगल्या शिराझच्या वासांत पिकलेलें जांभूळ, काळी तुती, आलुबुखार असें कांहींतरी प्रथम येतें. परदेशी पुस्तकें ज्या रानफळांचीं नांवें देतात तीं इकडे कोणीं खाल्लेलीं नसतात. जांभूळ ही खूण इकडील नाकास अधिक पटते. तोंडांत घेतल्यावर हिरड्या आंवळल्यासारख्या होतात. आयुर्वेदानें सहा रसांत ज्यास कषाय म्हणून स्थान दिलें, तो हा तुरटपणा. हिरडा किंवा कच्ची सुपारी खाल्ल्यावर जें होतें तेंच येथें होतें: सालींतील व बियांतील टॅनिन हीं द्रव्यें लाळेंतील प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडें पडल्याचा भास होतो. म्हणजे तुरट ही काटेकोरपणें चव नसून स्पर्श आहे.

परंतु शिराझची ओळख ज्यावरून पटते तो वास मिऱ्याचा. ताजे मिरे कुटावे तसा तिखट, ऊबदार वास. तो येतो कोठून हें कोडें दीर्घकाळ सुटलें नव्हतें. २००८ सालीं ऑस्ट्रेलियांतील वाइन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं तें सोडविलें. रोटंडोन नांवाचें एक द्रव्य द्राक्षाच्या सालींत असतें व तेंच मिऱ्यांतही असतें. ह्या नांवाचें मूळ ऐकून मराठवाड्यांतील शेतकऱ्यास हसूंच येईल. सायपेरस रोटंडस, म्हणजे शेतकरी ज्यास शिव्या देत देत उपटतो तो लव्हाळा, आणि काष्ठौषधींच्या दुकानांत जो सुगंधी कंद नागरमोथा म्हणून विकतात तो. ह्याच वनस्पतींत हें द्रव्य आधीं सांपडलें होतें व तिच्यावरूनच त्याचें नांव पडलें. त्याची तीव्रता विलक्षण आहे. एका लिटरांत एका ग्रॅमचा सुमारें सहा कोटींवा भाग असला तरी नाकास तो कळतो. तरीही ह्या प्रयोगांत वास घेणाऱ्यांपैकीं पांचांत एकास, प्रमाण कित्येक पट वाढविलें तरी, तो मुळींच आला नाहीं. तेव्हां दोन माणसें एकाच पेल्यावरून भांडूं लागलीं, एक म्हणे मिरें आहे व दुसरा म्हणे नाहीं, तर दोघेही खरें बोलत असण्याचा संभव आहे. थंड प्रदेशांतील फळांत हें द्रव्य अधिक व कडक उन्हाच्या प्रदेशांत कमी असतें. म्हणून ऱ्होनकांठच्या सिराशीं तुलना करितां उष्ण प्रदेशांतील शिराझमध्यें जांभळासारखा पिकलेला भाग पुढें व मिरें मागें, असा क्रम बहुधा लागतो. ती उणीव समजूं नये. ती त्या मातीची व उन्हाची रीत आहे.

महाराष्ट्रांत हा धंदा उभा राहिला त्यास फार वर्षें झालीं नाहींत. १९८० नंतर जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवास फेसाळ वाइनीचा कारखाना निघाला. नाशिकजवळ सुलाची पहिली वाइन २००० सालीं बाहेर आली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेसाठीं स्वतंत्र धोरण आंखलें, विंचूर व पलूस येथें वाइन उद्यानें नेमलीं, आणि पुष्कळ शेतकऱ्यांनीं खाण्याचीं द्राक्षें काढून शिराझसारखे वेल लावले. येथेंच एक खोच होती, ती फारशी कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. खाण्याचें द्राक्ष एका व्यापाऱ्यानें नाकारलें तर दुसऱ्याकडे नेतां येतें. नाशिकला भाव पडला तर मुंबईस, अगदींच झालें तर बेदाणा. वाइनीच्या द्राक्षास गिऱ्हाईक एकच, आणि तो म्हणजे कारखाना. २००८-०९ च्या मंदींत बाटल्या खपेनात, टांक्या भरून राहिल्या, आणि कित्येकांच्या बागांतील पिकलेलें फळ उचलावयास कोणी आलें नाहीं. बाजारांत नेण्याजोगें तें नव्हतेंच. तीन-चार वर्षें जोपासलेले वेल त्या दिवसांत अनेकांनीं उपटून टाकले. पुढें जानेवारी २०२२ मध्यें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां शेतकऱ्याचें हित एका बाजूस व घरांतील पोरांचें हित दुसऱ्या बाजूस असा वाद राज्यभर माजला. दोन्ही बाजूंस अर्थ होता. मात्र शेतकऱ्याच्या नांवानें बोलणाऱ्यांपैकीं किती जणांनीं २००९ सालची ती उपटलेली बाग पाहिली होती, हें सांगणें कठीण.

मग धारूरच्या उतारांवर शिराझ लावावी काय? दगड तोच, दख्खनचा काळा पाषाण. उंचीही फारशी कमी नाहीं. पण पाण्याची खात्री नाहीं आणि जवळ कारखाना नाहीं. फळ तोडल्यावर तें तासांच्या हिशेबानें टांकींत जावें लागतें. सीताफळाची अडचण त्याच जातीची आहे. तें पिकलें कीं दोन दिवसांत उतरतें, गर उघडा राहिला तर काळा पडतो, आणि तापविला तर कडवटतो. त्या गरास थंडींत गोठवून ठेवण्याची सोय गांवांत झाली तर धारूरचें त्यांत अधिक हित आहे, शिराझच्या नादीं लागण्यापेक्षां.

ज्यांच्या घरीं ही वाइन येते त्यांच्यासाठीं दोन गोष्टी सांगावयाच्या राहिल्या. तांबडी वाइन खोलींतील उष्णतेवर प्यावी असें जें पुस्तकांत लिहितात, तें युरोपांतील जुन्या दगडी घरांस अनुसरून. तेथें ती १६ ते १८ अंश असे. बीडच्या मे महिन्यांत खोलीची उष्णता म्हणजे काढा. बाटली अर्धा-पाऊण तास शीतकपाटांत ठेवून मग उघडावी. जेवणांत झणझणीत काळ्या मसाल्याचा रस्सा असेल तर शिराझ त्याची आग वाढविते, कारण मद्यार्क मिरचीचा दाह विझवीत नाहीं, चेतवितो. भाजलेलें मांस किंवा वांग्याचें भरीत तिला अधिक मानवतें. आणि उघडलेली बाटली घट्ट बूच लावून गारव्यांत ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. त्यापुढें हवेंतील जंतु मद्यार्काचें आम्ल करूं लागतात, वासांत आंबूस झाक येते, आणि कांहीं आठवड्यांनीं बाटलींत राहतो तो शिरका. तो कांद्याच्या कोशिंबिरींत घालावयास चांगला.